शब्दाच्या मुळाशी जाऊन नेमकं काय मिळतं?



पेट झाली, आता मुलाखतीची तयारी सुरू आहे, म्हणून तुमच्यापैकी काही जणांनी सिनॉप्सिसचे मसुदे वाचायला पाठवले. वाचले. अर्ध्याहून जास्त मसुद्यांची पहिली ओळ एकाच साच्यातली निघाली : अमुक हा शब्द मूळ ग्रीक तमुकपासून आला असून त्याचा मूळ अर्थ असा असा होतो. तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही. माझ्या पहिल्या सादरीकरणाची पहिली स्लाइड हीच होती.

माझं काम उत्प्रेरकांवर आहे. स्लाइडवर मी झोकात लिहिलं होतं की 'कॅटॅलिसिस' हा शब्द बर्झेलियसने 1835 मध्ये रूढ केला आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'सैल करणे, मोडणे' असा आहे. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "बरं. मग यावरून तुमच्या अभिक्रियेबद्दल नवीन काय कळलं?" काहीच कळलं नव्हतं. ती ओळ मी टाकली होती कारण ती विद्वत्तेची वाटते. पुढची पाच मिनिटं मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही.

आज ज्या पुस्तकाबद्दल लिहिते आहे ते रसायनशास्त्राचं नाही. जेम्स बार यांचं 'द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज', ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, 1961. बायबलमधल्या हिब्रू आणि ग्रीक शब्दांचे 'मूळ अर्थ' काढून त्यावर मोठमोठे निष्कर्ष उभे करणाऱ्या अभ्यासकांची यात झाडाझडती आहे. संशोधनपद्धतीची जी पुस्तकं आपल्याला कोर्सवर्कमध्ये वाचायला लावतात, त्यातल्या बहुतेकांपेक्षा मला या पुस्तकाने जास्त शिकवलं. का, ते सांगते. आणि पुस्तक कुठे कमी पडतं तेही सांगते.

पण मी याच्या नादी लागले कशी ते आधी सांगायला हवं. माझी रूममेट अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातली. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. लग्नाआधीच्या समुपदेशनात एका ज्येष्ठांनी तिला इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचून दाखवला. तिथे पतीला पत्नीचं मस्तक म्हटलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की मस्तक म्हणजे अधिकार, तेव्हा नोकरी कुठे करायची, पीएचडी पुढे न्यायची की नाही, हे त्याने ठरवायचं. ती खोलीवर आली ती गप्पच होती. दोन दिवसांनी तिच्या मावसबहिणीने एक लांबलचक मेसेज पाठवला : मूळ ग्रीक शब्द 'केफाले' आहे आणि त्याचा खरा अर्थ 'अधिकारी' नसून 'उगम' असा आहे, तेव्हा काळजी करू नकोस. रूममेटने फोन माझ्यापुढे धरला. "तू संशोधन करतेस ना? यातलं खरं कोणतं ते सांग."

मी लगेच म्हणाले, "उगमच असणार." बघा, एकही पान उघडलं नव्हतं मी. मला ते उत्तर हवं होतं, बस्स. ग्राफवरचा नको असलेला बिंदू 'इन्स्ट्रुमेंटल एरर' म्हणून खोडताना मनात जे चालतं ना, तेच.

तर मग शोधायला बसले. पहिली गोष्ट हाती येते ती स्ट्रॉंगचे क्रमांक. जेम्स स्ट्रॉंग नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1890 मध्ये एक अवाढव्य शब्दसूची छापली. इंग्रजी किंग जेम्स बायबलमधला प्रत्येक शब्द कुठे कुठे येतो ते त्यात आहे, आणि त्यामागच्या प्रत्येक हिब्रू-ग्रीक शब्दाला एक क्रमांक आहे. 'केफाले'चा ग्रीक क्रमांक 2776. आज मोबाइलवर शब्दावर बोट ठेवलं की हा क्रमांक आणि त्याखाली अर्थांची यादी उघडते. लिपीसुद्धा न शिकता मूळ भाषेत शिरल्याचा आनंद मिळतो. मलाही मिळाला.

गंमत अशी की ती मुळात सूची आहे. तिच्या मागे जोडलेल्या छोट्या कोशात शब्दाची व्युत्पत्ती, थोडक्यात अर्थ आणि किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी तो शब्द इंग्रजीत कसकसा आणला त्याची नोंद असते. आपण काय करतो, की त्या नोंदीतला आपल्याला पटणारा पर्याय उचलतो आणि 'हा मूळ अर्थ' म्हणून पुढे पाठवतो. म्हणजे 1611 च्या इंग्रजीतून ग्रीककडे जातो आणि वाटतं की ग्रीकमधून येतो आहोत. उपकरणाचं कॅलिब्रेशन कशावर झालंय हे न पाहता रीडिंग घेण्याचा हा प्रकार.

बार यांचं पुस्तक मात्र अशा हौशी वाचकांच्या मागे लागलेलं नाही, आणि मला ते आवडलं. त्यांनी थेट वरच्या मजल्यावर हात घातला. गेरहार्ड किटेल यांच्या संपादनाखाली 1933 पासून जर्मनीत निघू लागलेला नव्या कराराचा धर्मशास्त्रीय शब्दकोश त्या काळी अभ्यासकांचा मानबिंदू होता. त्याचे खंड 1970 च्या दशकापर्यंत निघत राहिले. त्यातल्या एकेका शब्दावर पुस्तकाएवढे लेख आहेत. बार म्हणतात की या कोशाची मांडणीच घोळाची आहे : लेखाचं शीर्षक एक शब्द असतं, आणि आत सांगितला जातो तो एका संकल्पनेचा इतिहास. शब्द आणि संकल्पना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक संकल्पना दहा शब्दांनी सांगता येते, आणि एक शब्द दहा संकल्पनांच्या कामी येतो. तुम्ही 'कीवर्ड सर्च' करून लिटरेचर रिव्ह्यू करता तेव्हा नेमका हाच खड्डा समोर असतो. कीवर्ड नसलेला पेपर तुमच्या विषयावरचा असू शकतो, आणि कीवर्ड असलेला नसूही शकतो.

पुस्तकातला सगळ्यात गाजलेला मुद्दा मुळांबद्दलचा. हिब्रूत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. म्हणून मोह होतो, की धातूचा अर्थ शोधला की त्यातून निघालेल्या प्रत्येक शब्दाच्या पोटात तो दाखवायचा. बार एक साधं उदाहरण देतात. 'लेहेम' म्हणजे भाकर आणि 'मिल्हामा' म्हणजे युद्ध. दोन्हींत ल-ह-म. मग काय, हिब्रू माणसाच्या मनात भाकर आणि लढाई जोडलेल्या होत्या असं म्हणायचं? भाकरीसाठी लढाई, असं एक सुंदर प्रवचन यावर तयार होईलही. उद्या कुणी परदेशी विद्वान 'पोळी' आणि 'पोळणे' शेजारी ठेवून मराठी माणूस जेवणाकडे दाह म्हणून पाहतो असा सिद्धांत मांडेल, तर आपण त्याला एक गरम पोळी वाढू आणि विषय संपवू.

तसं पाहिलं तर आपल्याकडे ही चूक फार पूर्वी कुणीतरी पकडली होती. 'कुशल' म्हणजे मुळात कुश नावाचं धारदार गवत हात न कापता आणणारा. मम्मटाने हा शब्द लक्षणेचा नमुना म्हणून दिला : मूळ अर्थ गवताचा, पुढे रूढीने 'निपुण' झाला. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त त्यावर हरकत घेतली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शब्द कसा बनला हे एक (व्युत्पत्तिनिमित्त) आणि तो कशासाठी वापरला जातो हे दुसरं (प्रवृत्तिनिमित्त). 'गो' हा शब्द 'जाणे' या धातूवरून आला म्हणून झोपलेल्या गायीला गाय म्हणताना आपण काही लाक्षणिक बोलत नसतो. बार यांचं अर्धं पुस्तक या झोपलेल्या गायीत आहे असं मला वाचताना वाटलं. त्यांनी विश्वनाथ वाचलेला असण्याचं काही कारण नाही. आपण मात्र दोन्ही वाचू शकतो.

आणि हो, 'गवेषणा' म्हणजे मुळात गायी शोधणं. मुलाखतीत कुणी विचारलंच तर सांगा, पण सिनॉप्सिसमध्ये नको. आपला 'संशोधन' हा शब्द हिंदीत गेला की घटनेतली दुरुस्ती होतो, आणि आपला 'अणू' हिंदीच्या पाठ्यपुस्तकात रेणू होऊन बसतो. मूळ तेच आहे सगळ्यांचं. प्रयोगशाळेत उत्तरेकडची मुलं आली की पहिला महिना यातच जातो.

बार यांनी दाखवलेली दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती हुशार लोक करतात. तिचं इंग्रजी नाव बोजड आहे. मी तिला 'अर्थांची बेकायदा गोळाबेरीज' म्हणते. 'एक्लेसिया' हा शब्द घ्या, ज्याचं भाषांतर मंडळी किंवा चर्च असं होतं. नव्या करारात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे लेखक तिच्याबद्दल वेगवेगळं बोलतात : ती ख्रिस्ताचं शरीर आहे, ती वधू आहे, वगैरे. आता ही सगळी विधानं गोळा करून त्यांचं एक गाठोडं बांधायचं, त्याला 'एक्लेसिया या शब्दाचा अर्थ' म्हणायचं, आणि मग मत्तयाच्या एका वाक्यात तो शब्द आला की गाठोडं तिथे उघडायचं. ही झाली गोळाबेरीज. उलट प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरात चिडून जमलेल्या जमावालाही एक्लेसियाच म्हटलं आहे. तिथे कुणी वधू नाही. 'बाहेर बोलावलेले लोक' अशी या शब्दाची फोड करून जी प्रवचनं होतात त्यांचीही तिथेच पंचाईत होते, कारण अथेन्समध्ये हा शब्द नागरिकांच्या सभेसाठी सर्रास चालायचा.

याहून लोकप्रिय उदाहरण 'अगापे'चं. ग्रीकमध्ये प्रेमाला अनेक शब्द आहेत, त्यातला 'अगापे' म्हणजे निःस्वार्थ ईश्वरी प्रेम आणि 'फिलेओ' म्हणजे मैत्रीचं, दुय्यम प्रेम, असं तुम्ही कुठेतरी ऐकलं असेलच. ख्रिस्ती नसलेल्यांनीही ऐकलेलं असतं, कारण नात्यांवरच्या सेल्फहेल्प पुस्तकांत ते फिरत असतं. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पेत्राला तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का. पहिल्या दोन प्रश्नांत क्रियापद 'अगापाओ' आहे, तिसऱ्यात 'फिलेओ', आणि पेत्राची तिन्ही उत्तरं 'फिलेओ'मध्ये. यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत : येशू खालच्या पायरीवर आला, पेत्राला वरची पायरी झेपली नाही, असं.

आता हा दावा तपासायचा कसा? आपण प्रयोगशाळेत करतो तसाच. दावा खरा असेल तर काय दिसायला नको, ते शोधायचं. हिब्रू बायबलचं ग्रीक भाषांतर, सेप्टुअजिंट, ख्रिस्तपूर्व काळातलं आहे. त्यात शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो. तिच्याबद्दलची त्याची जी ओढ आहे तिला तिथे नाम आणि क्रियापद दोन्ही 'अगापे'चेच आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात देमास नावाचा सोबती जगाच्या प्रेमापोटी पौलाला सोडून जातो, तिथेही 'अगापाओ'. आणि खुद्द योहानाच्या शुभवर्तमानात पित्याचं पुत्रावरचं प्रेम तिसऱ्या अध्यायात 'अगापाओ'ने सांगितलं आहे, पाचव्यात 'फिलेओ'ने. एकाच लेखकाने, एकाच नात्याबद्दल. त्या शेवटच्या अध्यायात मेंढरांसाठी आणि 'चार', 'पाळ' या क्रियापदांसाठीही शब्द आलटून पालटून आले आहेत, पण त्यांच्या पायऱ्या कुणी मोजत बसत नाही.

ही तपासणी करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ग्रीक येत नसतानाही, कारण सूची उपलब्ध आहे. म्हणजे स्ट्रॉंगची सूची वाईट नाही, बरं का. ती सूची म्हणून वापरली तर उत्तम आहे : शब्द कुठे कुठे येतो ते सगळं बघा, नको ती उदाहरणंही बघा. घोटाळा तिला कोश म्हणून वापरलं की होतो.

'दुनामिस' म्हणजे सामर्थ्य, त्यावरून 'डायनामाइट' आला, म्हणून शुभवर्तमान हे देवाचं डायनामाइट, हा प्रकार तर विचारूच नका. नोबेलने डायनामाइटचं पेटंट 1867 मध्ये घेतलं. पौलाच्या डोक्यात ते असायला तो अठराशे वर्षं लवकर जन्मला. पण ऑक्सिजनचा अर्थ 'आम्ल निर्माण करणारा' आहे असं लिहून पुढे जाणाऱ्यांनीही फार हसू नये. लाव्हाझियेने नाव ठेवलं ते प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो या समजुतीने. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नाही. नावात एक जुनी चूक जपून राहिली आहे, एवढंच त्या व्युत्पत्तीतून कळतं.

आता एक प्रकरण, जे बार यांच्या पुस्तकातलं नाही, पण संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. ख्रिस्ती प्रार्थनेतली 'रोजची भाकर' तुम्हाला माहीत असेल. यातल्या 'रोजची'च्या जागी ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' असा शब्द आहे. तो मत्तय आणि लूक यांच्या प्रार्थनेत येतो, आणि जवळपास त्याबाहेर कुठेच सापडत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेनने, ज्याची मातृभाषाच ग्रीक, लिहून ठेवलं की हा शब्द ना विद्वानांच्या लिखाणात आहे ना लोकांच्या बोलण्यात. जेरोमने लॅटिनमध्ये आणताना मत्तयात एक शब्द वापरला, 'द्रव्यापलीकडची' अशा अर्थाचा, आणि लुकात दुसरा, 'दररोजची' अशा अर्थाचा. मूळ शब्द एकच! 'उद्याची', 'जगण्यापुरती', 'येणाऱ्या दिवसाची' असेही पर्याय आहेत. प्रत्येकाची व्युत्पत्ती वेगळी आणि प्रत्येक व्युत्पत्ती शक्य.

मग 1889 मध्ये सेस या अभ्यासकाने इजिप्तमधल्या हवारा इथे सापडलेल्या एका पपायरसचं वाचन छापलं. घरखर्चाचा हिशेब होता तो. डाळ, भाजी असल्या नोंदी, आणि त्यात एका ओळीत 'एपिऊसि...' अशी तुटलेली अक्षरं. पुढच्या पिढीला हे लक्षात आलं तेव्हा केवढा आनंद झाला असेल! प्रार्थनेतला शब्द बाजाराच्या हिशेबात सापडला, अर्थ 'दिवसाचा शिधा', प्रश्न मिटला. कोशांत, भाष्यांत ही नोंद शिरली. मूळ पपायरस मात्र कुणाला सापडेना. एकाने दुसऱ्याचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा हवाला द्यायचा आणि सगळे हवाले अखेर सेस यांच्या त्या एका वाचनाशी जाऊन थांबायचे. शेवटी 1990 च्या दशकात येल विद्यापीठाच्या संग्रहात त्याचा माग लागला आणि नायमन व वोर्प यांनी 1999 मध्ये नवं वाचन छापलं. तिथे 'एलाइऊ' लिहिलेलं होतं. तेल.

हे वाचून मी माझ्या थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणातले हवाले काढून बसले. एका स्थिरांकासाठी मी सहा पेपरांचा हवाला दिला होता. सहापैकी पाच पेपरांनी तो सहाव्यातून उचलला होता. सहावा मी उघडलाच नव्हता.

बार यांच्याकडे परत येते. पुस्तकाबद्दल माझ्या तीन तक्रारी आहेत, त्यातली एक मोठी. लहान अशा : ते रुक्ष आहे, आणि ग्रीक-हिब्रू न येणाऱ्याला पानोपानी ठेच लागते. शिवाय इतरांच्या चुका दाखवताना ते इतके रमतात की एकाच प्रकारच्या चुकीचे चार नमुने झाल्यावर पाचवाही देतात. आपण रिव्ह्यूअर म्हणून असं लिहिलं तर एडिटर वैतागेल. मोठी तक्रार अशी की पाडायचं काम सविस्तर आणि बांधायचं काम मोजक्या पानांत. अर्थ शब्दात नसून वाक्यात आणि त्याहून मोठ्या मजकुरात असतो, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. कबूल. पण मग काम कसं करायचं? त्याचं एक उत्तर 1988 मध्ये लाऊ आणि नायडा यांच्या ग्रीक कोशातून आलं. त्यांनी वर्णानुक्रम सोडून शब्दांची विभागणी अर्थक्षेत्रांत केली, जेणेकरून एखादा शब्द त्याच्या शेजाऱ्यांमध्ये बसलेला दिसावा. एकच शब्द चार क्षेत्रांत चार वेळा येतो. बार यांच्या टीकेचं हे मला सर्वांत उपयोगी फलित वाटतं, पण ते दुसऱ्यांनी केलं.

आणि मुळांचा अभ्यास सगळाच टाकाऊ आहे असंही नाही. हिब्रू बायबलमध्ये कितीतरी शब्द एकदाच येतात. तिथे वापर पाहायचा म्हटलं तरी पाहणार कशाचा? मग अरबी, अक्कादी, किंवा 1929 पासून सापडू लागलेल्या उगारिट इथल्या पाट्या, यांतल्या भावंड शब्दांकडे जावंच लागतं. आपण डेटा संपतो तिथे एक्स्ट्रापोलेशन करतो तसं. करावं, पण तुटक रेषेने काढावं. 1961 चं पुस्तक वाचून हे लक्षात येत नाही. बार यांनाही ते जाणवलं असावं, कारण 1968 मध्ये त्यांनी याच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

मला सारखी आठवण येत होती ती पंडिता रमाबाईंची. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्या भाषा त्यांनी प्रौढ वयात शिकून घेतल्या. संस्कृत व्युत्पत्ती ज्यांच्या जिभेवर होती अशा बाई, 'पंडिता' ही पदवीच मुळी त्यासाठी मिळालेली. 1922 मध्ये मृत्यूच्या थोडंच आधी काम पुरं झालं, आणि 1924 मध्ये ते मुक्तीतच छापलं गेलं. बार यांच्या पुस्तकात भाषांतरकाराची ही अडचण मला हवी होती. भाष्यकार 'या शब्दात पाच छटा आहेत' म्हणून मोकळा होतो. भाषांतर करणाऱ्या बाईला एकच शब्द छापायला द्यावा लागतो, आणि तो गावातल्या बाईला कळावा लागतो. तुमची व्याख्या खरी की दिखाऊ हे पाहायचं असेल तर तिच्यावरून पुढचं एक वाक्य तरी लिहून बघा.

आता 'केफाले'. रूममेट वाट बघत होती.

हिरोडोटसने टिआरस नदीच्या झऱ्यांना 'डोकी' म्हटलं आहे, त्यामुळे 'उगम' म्हणणाऱ्यांकडे आधार आहे. पण समोरचे म्हणतात की नदीच्या कुठल्याही टोकाला तसं म्हणता येतं. आपल्याकडे नाही का, गंगा गोमुखात सुरू होते आणि नदीमुखाशी समुद्राला मिळते? 'मुख' तेच. दुसरीकडे शास्ते या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात लोक इफ्ताहला आपला पुढारी करतात, तिथे सेप्टुअजिंटमध्ये 'केफाले' आहे. म्हणजे 'अधिकार'वाल्यांकडेही आधार आहे. पण हिब्रू 'रोश', म्हणजे डोकं, जिथे पुढारी या अर्थाने येतो, तिथे त्या भाषांतरकारांनी बऱ्याचदा 'केफाले' टाळून सरळ अधिकारी या अर्थाचा ग्रीक शब्द घातला. मग हे कुणाच्या बाजूचं?

1985 मध्ये वेन ग्रुडेम यांनी प्राचीन ग्रीकमधली 2,336 उदाहरणं तपासल्याचा लेख लिहिला. आकडा ऐकून मी सावरून बसले. पण त्यातली बहुतेक उदाहरणं धडावरच्या साध्या डोक्याची आहेत, त्यांचा या वादाशी संबंध नाही. वाद उरतो तो मूठभर उदाहरणांवर, आणि ती कुठल्या रकान्यात टाकायची हे ठरवणारे ग्रुडेम स्वतः या वादात एका बाजूचे. दुसऱ्या बाजूच्यांनी तीच उदाहरणं घेऊन वेगळे रकाने भरले. सॅम्पल साइज दोन हजारांची, निर्णय मात्र त्या मुठीचा, तोही एका परीक्षकाचा. सोशल सायन्सवाले मित्र याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी तिला काय सांगितलं? की शब्द याचा निकाल देणार नाही, तुझ्या समुपदेशकांच्या बाजूनेही नाही आणि तुझ्या मावसबहिणीच्या बाजूनेही नाही. त्या अध्यायाच्या 21 व्या वचनापासून शेवटपर्यंत वाच आणि कोणाला काय काय करायला सांगितलंय ती क्रियापदं पेन्सिलीने अधोरेखित कर. 21 व्या वचनात एकमेकांच्या अधीन होण्याचं आहे. नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या क्रियापदांत प्रेम करणं, स्वतःला देऊन टाकणं, पोसणं, जपणं अशी आहेत. निर्णय घेणं त्यात मला दिसलं नाही. पण 'अधीन' हा शब्द बायकोच्या वाट्यालाही आहे, आणि तो नाहीसा करायचा उपाय माझ्याकडे नव्हता. शोधायची इच्छा होती, म्हणूनच माझ्या शोधावर माझा विश्वास नव्हता.

"म्हणजे तू मला उत्तर दिलंच नाहीस," ती म्हणाली. चिडली होती थोडी.

त्या रात्री तिने तो भाग होणाऱ्या नवऱ्याला फोनवर वाचून दाखवला, पेन्सिलीच्या रेघांसकट. दीड तास चालला फोन, व्हरांड्यात. आत आल्यावर तिने मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लग्न मे महिन्यात झालं. तिचा सहामाही प्रगती अहवाल गेल्या आठवड्यात जमा झाला, तो प्रिंट करायला मीच सोबत गेले होते.

बार यांचं पुस्तक मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयात मिळायला हरकत नाही, नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवा. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर व्युत्पत्तीवरचं प्रकरण आणि किटेलच्या कोशावरचं प्रकरण एवढी दोन वाचा. मसुदे पुन्हा पाठवणार असाल तर पहिली ओळ काढून पाठवा. दुसऱ्या ओळीपासून वाचायला सुरुवात करेन. आणि हवाल्यांमध्ये जो पेपर उघडलेला नाही त्यापुढे फुली मारून ठेवा, माझ्या यादीत सध्या अकरा फुल्या आहेत.